अपघातात घरचा माणूस गेला तर क्लेम कसा करायचा, सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी सगळं सविस्तर

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो कारण निम्मी घरं इथंच अडतात. "माणूस गेला, आता पैशाचं काय घेऊन बसायचं" असं म्हणून आपल्याकडं कितीतरी लोक क्लेमच करत नाहीत, आणि ज्या गाडीनं उडवलं ती गावातल्याच कुणाची किंवा भावकीतली असली तर विषयच संपतो, चार जाणती माणसं बसतात, "रोज एकमेकांची तोंडं बघायचीत, कशाला कोर्टकचेरी" असं ठरतं, गाडीवाला दहाव्याला पन्नास हजार आणून देतो, स्टॅम्पवर सही होते आणि मिटवून टाकलं जातं. त्या घरात शाळेत जाणारी दोन पोरं असतात, म्हातारी आई असते, आणि पुढची वीस वर्षं त्या पन्नास हजारात काढायची असतात. हे मला बघवत नाही म्हणून लिहितोय.

क्लेम म्हणजे गेलेल्या जिवाची किंमत लावणं नाही. तो माणूस असता तर अजून किती वर्षं कमवून घरात आणलं असतं, त्याचा तो हिशोब आहे. आणि हा पैसा बहुतेक वेळा गाडीवाल्याच्या घरातून जात नाही, विमा कंपनी देते. मोटार वाहन कायदा १९८८ नं प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, सक्तीचा केलाय तो याचसाठी. गाडीमालकानं त्याचे हप्ते भरलेले असतात, त्याच्यावर तुम्ही सूड उगवत नाही. भावकीतला असला तरी त्याला हे नीट समजावून सांगितलं तर बऱ्याचदा तोच पॉलिसीची कॉपी काढून देतो. आणि तसल्या मिटवामिटवीच्या कागदावर सही झालीच असली तरी लगेच आशा सोडू नका, तो कागद वकिलाला दाखवा.

आता मुळातली गफलत. लोकांना वाटतं पोलिसांनी गुन्हा दाखल केला म्हणजे केस चालू झाली, आता निकाल लागला की पैसे मिळतील. तसं नाही, दोन वेगळ्या केसेस असतात. एक फौजदारी, ड्रायव्हरवर, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली हयगयीनं मृत्यू घडवल्याची (१ जुलै २०२४ च्या आधीचा अपघात असेल तर जुनं ३०४ अ), ती सरकारी वकील चालवतो आणि त्यातून ड्रायव्हरला शिक्षा होते किंवा तो सुटतो. दुसरी भरपाईची, ती आपण स्वतः करायची असते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, ज्याला सगळे नुसतं 'क्लेम कोर्ट' म्हणतात. ते साताऱ्याला सांगलीला जिल्हा न्यायालयातच बसतं. आणि ड्रायव्हर फौजदारी केसमध्ये निर्दोष सुटला तरी क्लेम आपोआप बुडत नाही, कारण तिथं संशयापलीकडं सिद्ध करावं लागतं आणि इथं "असंच घडलं असण्याची शक्यता जास्त आहे" एवढं दाखवलं तरी चालतं. त्यामुळं फौजदारीच्या निकालाची वाट बघत बसू नका.

क्लेम जिंकतो किंवा हरतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या कागदांवर, आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणी शुद्धीवर नसतं. म्हणून हे काम घरच्यांनी नाही, जवळच्या कुणीतरी, मेव्हण्यानं, चुलत भावानं, मित्रानं अंगावर घ्यायचं. पहिला कागद फिर्याद. बघा कसं होतं, रात्री अपघात झालेला, सकाळी दवाखान्यात पोलीस हवालदार येतो, समोर जो नातेवाईक असेल त्याला विचारतो काय झालं, तो बिचारा जागेवर नव्हताच, त्यानं फोनवर ऐकलेलं असतं, तो म्हणतो "गाडी घसरून पडला म्हणं", हवालदार तेच लिहितो, खाली सही होते. नंतर चार दिवसांनी कळतं की मागनं पिकअपनं धडक दिली होती, बघणारे दोघं होते. मग पुरवणी जबाब, तपास, सगळं होतं, पण विमा कंपनीचा वकील पहिली फिर्यादच पुढं धरतो आणि म्हणतो ही गाडी मागाहून घुसवली. म्हणून सही करायच्या आधी फिर्याद शब्द न् शब्द वाचायची, वाचून दाखवा म्हणायचं. जे माहीत नाही ते "मला माहीत नाही" असंच लिहून घ्यायचं, अंदाज सांगायचा नाही. गाडीचा नंबर, वेळ, कुठल्या दिशेनं कोण येत होतं, जागेवर कोण होतं, हे बरोबर आलंय का बघायचं.

आणि याच जागी काही लोक भेटतात जे सांगतात की धडक देणाऱ्या गाडीला विमा नाही तर दुसरी विमा असलेली गाडी दाखवू, किंवा ड्रायव्हरकडं लायसन नाही तर दुसऱ्याचं नाव घालू. अजिबात ऐकू नका. हा सरळ गुन्हा आहे, कंपन्या अशा केसेसची चौकशी लावतात, आणि विधवा बाई आरोपी होऊन बसते. खरी गाडी आणि खरा ड्रायव्हर यावर मार्ग निघतो, तो पुढं सांगतो.

दुसरा कागद पोस्टमॉर्टेम. "आता देहाची चिरफाड नको" म्हणून घरचे नको म्हणतात, ते समजू शकतं, पण ते करायलाच लावा. विशेषतः माणूस जागेवर न जाता पंधरा दिवस, महिनाभर आयसीयूत राहून गेला असेल तर फारच महत्त्वाचं. कारण कंपनी म्हणते की मृत्यू अपघातानं नाही, आधीच्या बीपी-शुगरनं किंवा न्यूमोनियानं झाला. अपघाताची जखम आणि मृत्यू यांना जोडणारा पुरावा म्हणजे पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आणि दवाखान्याचे केसपेपर. दवाखान्याची सगळी बिलं, औषधांच्या पावत्या, ॲम्ब्युलन्सची पावती जपून ठेवा, तोही खर्च क्लेममध्ये मागता येतो. याशिवाय घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, गाडीचं आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन आणि पुढं चार्जशीट, याच्या नकला लागतात. गाडीचा नंबर माहीत असला तर विमा आहे की नाही ते परिवहनच्या ॲपवर लगेच दिसतं.

२०२२ पासून नियम असा आलाय की पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल क्लेम कोर्टाला द्यायचा आणि तो विमा कंपनीलाही जायचा. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२२ मध्ये सगळ्या राज्यांना हे पाळायला सांगितलं. म्हणजे पोलीस स्टेशनला जाऊन "अहवाल पाठवला का" विचारणं हा तुमचा हक्क आहे, उपकार मागताय असं समजू नका.

मुदतीचं मात्र कान देऊन ऐका. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार क्लेम अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. आधी अशी मुदतच नव्हती म्हणून गावात जुनीजाणती माणसं अजून सांगतात की "दोन-चार वर्षांनी केला तरी चालतोय". या मुदतीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिला की नुसतं मुदत गेली म्हणून क्लेम फेटाळू नका. त्यामुळं ज्यांची मुदत गेलीय त्यांनी घरी बसून न राहता वकिलाला भेटावं, पण ज्यांची गेलेली नाही त्यांनी या आदेशाच्या भरवशावर राहू नये, तो अंतरिम आहे. वर्षश्राद्धानंतर बघू हा विचार डोक्यातनं काढाच.

कुठं दाखल करायचा? अपघात झाला तिथं, किंवा आपण राहतो तिथं, किंवा समोरचा राहतो तिथं. हे आपल्या भागाला फार कामाचं आहे. पाटण, जावळी तालुक्यातली किती माणसं नवी मुंबईत माथाडी आहेत, तो तिकडं पनवेलजवळ गेला तर घरच्यांनी पनवेलला हेलपाटे घालायची गरज नाही, साताऱ्यात क्लेम करता येतो. जतचा माणूस खंबाटकी घाटात गेला तर सांगलीत करता येतो. विटा-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले तर देशभर पसरलेत, तिकडं तमिळनाडूत अपघात झाला तरी घरचे गावी राहत असतील तर इथंच.

अर्ज सगळ्या वारसांनी मिळून एकच करायचा, बायको, मुलं, आईवडील. लग्न झालेली मुलगीसुद्धा वारस म्हणून अर्जात येऊ शकते, तिला वगळायचं कारण नाही. नातं दाखवायला साधारणपणे रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला यावर काम भागतं. सगळ्यात वाईट भांडण सासू-सून यांच्यात लागतं, सून माहेरी गेली की सासरचे म्हणतात तिचा आता काय संबंध. संबंध आहे. तिनं पुढं दुसरं लग्न केलं तरी पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूची भरपाई मागायचा तिचा हक्क जात नाही, मुंबई हायकोर्टानं २०२३ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. आईचाही वाटा असतोच. कोर्ट प्रत्येकाचा हिस्सा ठरवून देतं, तेव्हा आपसात भांडून दोन वकील लावून केस लांबवू नका.

आता हिशोब. हा अंदाजपंचे नसतो, सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांवर चालतो, २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी. कुठल्याही वकिलाला ही दोन नावं विचारा. एक उदाहरण घेऊन करून दाखवतो. समजा तासगावकडचा ३४ वर्षांचा माणूस, कुपवाड एमआयडीसीत खाजगी कंपनीत २०,००० पगार, घरात बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे झाले २,४०,०००. आता तो माणूस पुढं आहे त्याच पगारावर राहिला नसता, म्हणून भविष्यातल्या वाढीचे पैसे मिळवायचे. खाजगी ठरावीक पगार किंवा स्वतःचा धंदा असेल आणि वय ४० च्या आत तर ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५ टक्के, ५० ते ६० मध्ये १० टक्के. कायम नोकरी असेल तर हेच ५०, ३० आणि १५ टक्के. आपल्या माणसाचे ४० टक्के धरले की ३,३६,००० होतात. यातले काही तो स्वतःवरही खर्च करत होता, ते वजा करायचे. त्याच्यावर अवलंबून दोन-तीन माणसं असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश. इथं चार आहेत, एक चतुर्थांश वजा, राहिले २,५२,०००. मग त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, याला गुणक म्हणतात, ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. २,५२,००० गुणिले १६ म्हणजे ४०,३२,०००.

हा गुणक १५ ते २५ वयाला १८ असतो, २६ ते ३० ला १७, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्याच्या पुढं ५.

याच्यावर जोडीदार, मुलं, आईवडील यांचा आधार गेला म्हणून प्रत्येकाला ४०,०००, आणि सगळ्या घराला मिळून संपत्तीच्या नुकसानीचे १५,००० व अंत्यविधीचे १५,०००, असे आकडे २०१७ ला ठरले आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढवायचे असं सांगितलं. दोन वाढी धरल्या की ४८,४०० आणि १८,१५० होतात. आपल्या उदाहरणात चौघांचे १,९३,६०० आणि दोन बाबींचे ३६,३००. एकूण ४२,६१,९००. त्यावर अर्ज दाखल केल्या तारखेपासून व्याज, ते कोर्ट ठरवतं, बहुतेक ६ ते ९ टक्क्यांच्या मधे असतं. कुठं दहाव्याला आणून दिलेले पन्नास हजार आणि कुठं हे.

अविवाहित मुलगा गेला तर निम्मं वजा होतं, पण गुणक मुलाच्याच वयाचा धरतात, आईवडिलांच्या नाही, हे लक्षात ठेवा कारण बोलणी करताना कंपनीकडनं कधीकधी आईच्या वयाचा गुणक लावून आकडा सांगितला जातो. घरकाम करणारी बाई गेली तर "ती कुठं कमवत होती" हा प्रश्नच चुकीचा आहे. सुप्रीम कोर्टानं कितीतरी निकालांत, २०२१ लाही, सांगितलंय की तिच्या कामाचं उत्पन्न धरायचं आणि त्यावर भविष्यातली वाढही द्यायची. एलआयसीचे पैसे मिळाले, प्रॉव्हिडंट फंड मिळाला, फॅमिली पेन्शन चालू झाली म्हणून भरपाईतनं ते कापायचे नसतात. एलआयसीबाबत तर १९९८ पासून ठरलेलं आहे आणि तो खटला आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच होता. आणि अर्जात मागितली त्यापेक्षा जास्त रक्कम योग्य वाटली तर कोर्ट ती देऊ शकतं.

खरी मारामारी होते ती उत्पन्नावर. नोकरदाराचं सोपं, पगारपत्रक, बँक स्टेटमेंट, कंपनीचा माणूस साक्षीला. शेतकऱ्याचं काय? कंपनीचा वकील म्हणतो सातबारा आजही आहे, जमीन कुठं गेली नाही, मग उत्पन्न बुडालं कसं. याचं उत्तर असं की जमीन राहिली पण त्या जमिनीत राबणारा आणि देखरेख करणारा गेला, आता मजूर लावावा लागतो किंवा वाट्यानं द्यावी लागते, ते नुकसान धरायचं. त्यासाठी कारखान्याची ऊसबिलं काढा, दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं काढा, द्राक्ष-बेदाण्याच्या पट्ट्या, हळदीच्या पट्ट्या, सोसायटीचं कर्जखातं, ट्रॅक्टर असेल तर त्याचे हप्ते कोण भरत होतं ते. बायका उलटतपासणीत गडबडतात ते इथंच. वकील विचारतो, "तुमचे मिस्टर महिन्याला किती कमवायचे?" तिला कधी कुणी सांगितलेलंच नसतं, ती घाबरून म्हणते "तसं काय माहिती नाही, घरात लागेल तेवढं आणून द्यायचे". झालं, रोजनाम्यात उत्पन्नाचा पुरावा नाही असं होतं आणि मग कोर्ट किमान वेतनाच्या आसपासचा अंदाज धरतं. म्हणून साक्षीच्या आधी घरातल्या बाईला शेजारी बसवून तिच्यासमोर सगळे कागद उघडा, दूध किती घालत होते, ऊस किती टन जात होता, तिला खरं खरं सगळं माहीत हवं. पाठ करून काही खोटं सांगायचं नाही, पण आपल्याच घरचा हिशोब तिला ठाऊक असावा.

दुसरी मारामारी चूक कुणाची यावर. आपल्या भागातलं उदाहरण म्हणजे उसाची ट्रॉली. हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर लोंबतोय, टायर फुटला की रस्त्यातच उभी करून ड्रायव्हर जेवायला जातो, मागनं मोटरसायकलवाला थेट आत. आणि कागदावर येतं काय, "मोटरसायकलस्वारानं उभ्या ट्रॉलीला मागून धडक दिली", म्हणजे गेलेल्याचीच चूक, कधीकधी गुन्हाही त्याच्यावरच दाखल होतो. या एका ओळीनं किती घरं बसलीत. रस्त्यावर धोका होईल अशी गाडी उभी करणं हाही कायद्यानं गुन्हाच आहे. म्हणून अशा अपघातात जो कुणी पहिला पोचेल त्यानं ट्रॉलीचा मागनं फोटो काढायचा, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मागं दगड-फांद्या काही लावलेलं नाही, रस्त्यावर किती आत उभी आहे, हे दिसलं पाहिजे. सकाळपर्यंत ट्रॉली हलवतात आणि रिफ्लेक्टरही चिकटवतात. फोटो असतील तर कोर्ट निदान चूक वाटून तरी देतं, म्हणजे समजा गेलेल्याची ३० टक्के चूक ठरली तर भरपाई ३० टक्क्यांनी कमी होते, बाकीची मिळते. ट्रॅक्टरचा विमा असतो आणि ट्रॉलीचा नसतो यावरूनही कंपनी भांडते, म्हणून ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हीचे नंबर फिर्यादीत आलेच पाहिजेत.

हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होते, एवढ्यानं क्लेम जात नाही. त्यामुळंच अपघात झाला किंवा नुकसान वाढलं हे समोरच्यानं दाखवावं लागतं, आणि ट्रिपल सीटबद्दल सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हेच सांगितलंय. दोन गाड्यांच्या धडकेत तिसराच कुणी गेला, म्हणजे वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपमधला प्रवासी, तर दोन्हीपैकी कुठल्याही एकाकडनं सगळी भरपाई मागता येते, चूक किती कुणाची ते त्यांनी आपसात बघावं.

आता विमा कंपनी हात वर करते ते प्रकार. ड्रायव्हरकडं लायसन नव्हतं किंवा संपलेलं होतं, तर कोर्ट बहुतेक वेळा सांगतं की कंपनीनं आधी वारसांना पैसे द्यावेत आणि मग मालकाकडनं वसूल करावेत. म्हणून वर म्हटलं, खोटा ड्रायव्हर उभा करायची गरजच नाही. विमाच नसेल तर मालकाच्या अंगावर येतं, वसुली अवघड असते, पण जमीन, गाडी, बँक खातं यावर जप्ती आणता येते. जप्त गाडी पोलीस ठाण्यातनं सोडायच्या अर्जावरही आपल्या वकिलानं हरकत घ्यावी. गाडी विकलेली पण आरसीवर जुन्याचंच नाव असेल तर २०१८ च्या निकालानुसार आरसीवर नाव असलेलाच मालक धरला जातो, तेव्हा ज्यांनी गाड्या नुसत्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, सह्या करून विकल्यात त्यांनी आजच नाव बदलून घ्या.

टेम्पोतनं लग्नाचं वऱ्हाड, पिकअपमधनं यात्रेला, मालाच्या गाडीत माणसं, इथं मात्र कंपनी खरंच सुटू शकते. मालगाडीतल्या फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही असं सुप्रीम कोर्टाचं ठरलेलं मत आहे, मग उरतो मालक. पोरंबाळं घेऊन टेम्पोत बसताना हे कुणाच्या डोक्यातही नसतं, पण असू दे. मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसलेला गेला आणि चूक मित्राचीच असेल तर पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आहे की फुल आहे यावर सगळं ठरतं, फुल असेल तर मागचा धरला जातो, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. समोरच्या गाडीची चूक असेल तर हा प्रश्नच येत नाही. आणि स्वतः मालक स्वतःच्या चुकीनं गेला, झाडावर धडकला, तर क्लेम कोर्टात काही मिळत नाही, पण पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो का ते बघा. हप्ता वाचवायला लोक तो काढतच नाहीत, काढा.

एसटीनं धडक दिली तर विमा कंपनी नसते, महामंडळ स्वतःच भरतं, क्लेम महामंडळावर करायचा. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सरकारी हिट अँड रन योजनेतनं मृत्यूला २ लाख मिळतात, अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडं, मंजुरी कलेक्टरची. फार कमी लोकांना हे माहीत आहे. पुढं गाडी सापडून मोठी भरपाई मिळाली तर हे २ लाख त्यातनं परत जातात.

एक सापळा नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख मिळायची सोय आहे. चूक सिद्ध करणं अशक्य असेल तर ती चांगलीच आहे. पण कंपनीकडनं तडजोडीत हे ५ लाख घेतले की कोर्टातला मोठा क्लेम संपतो, कायद्यात तसं लिहिलंय. वरचं ४२ लाखांचं उदाहरण आठवा. त्यामुळं कंपनीचा माणूस घरी येऊन "महिन्यात पैसे देतो" म्हणाला तर कुठल्या कलमाखाली देतोय ते विचारा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

क्लेमशिवाय दोन गोष्टी पहिल्या महिन्यातच बघायच्या. सातबाऱ्यावर नाव असेल किंवा तो खातेदाराच्या घरातला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत २ लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. आणि बँकेचं पासबुक उघडून बघा, वर्षाला २० रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, तेही २ लाख. दोन्हीला ३० दिवसांत कागद द्यायचे असतात.

वकिलाचं. शवागाराच्या दारातच काही लोक कार्ड घेऊन उभे असतात, "एक रुपया देऊ नका, निकालावर तीस टक्के" म्हणतात. निकालातल्या पैशात हिस्सा ठरवणं वकिलांना त्यांच्या नियमांनुसार मनाई आहे. फी आधी ठरवा, लिहून घ्या, कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सह्या देऊ नका, पासबुक स्वतःकडंच ठेवा. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे दान नाही, १९८७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे.

लोकअदालतीत तडजोड करावी का? चूक स्पष्ट असेल, उत्पन्नाचे कागद चांगले असतील आणि आकडा वरच्या हिशोबाच्या जवळपास येत असेल तर जरूर करा, चार वर्षं वाचतात. पण स्वतःचा हिशोब कागदावर मांडूनच जा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

निकाल लागला की कंपनीनं ३० दिवसांत पैसे कोर्टात भरायचे असतात. मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत एफडीला राहतो, बाईच्याही वाट्यातला काही भाग ठेवतात. याचा काही घरांना राग येतो पण मला हे योग्यच वाटतं, नाहीतर महिन्याभरात कुणीतरी उसने मागायला येतंच. शाळेची फी, दवाखाना अशा खऱ्या कारणाला कोर्टात अर्ज करून मुदतीआधी काढता येतात, फीची पावती जोडायची. रक्कम कमी वाटली तर आपण, जास्त वाटली तर कंपनी, अपील ९० दिवसांत हायकोर्टात करायचं असतं. आधी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्यात येतात, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी घरी परत येता येतं.